सहा तंदुरुस्त रक्तदाते

माझी पुण्याला बदली झाली तेव्हा माझ्या नोकरीला अठरा वर्षं झाली होती. रँक हवालदार, ट्रेड नर्सिंग असिस्टंट. त्याआधी दोनदा बर्फात आणि एकदा वाळवंटात राहून आलो होतो. पुणे म्हणजे पीस पोस्टिंग. इथे गोळीबार नसतो, कागद असतात. बायकोने पहिल्याच आठवड्यात बिबवेवाडीत घर बघितलं आणि शाळा, किराणा, गॅस एजन्सी यांची अंतरं चालून मोजली. मी पलटणीच्या एमआय रूमचा ताबा घेतला.

एमआय रूम म्हणजे पलटणीचा दवाखाना. दोन खोल्या, चार खाटा, एक फ्रिज, एक वजनकाटा. आमचे आरएमओ, म्हणजे पलटणीचे डॉक्टर, कॅप्टन होते आणि त्या पावसाळ्यात कोर्सवर गेले होते. शेजारच्या युनिटचे डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे. बाकी वेळ एमआय रूम माझ्याकडे. फौजेत नर्सिंग असिस्टंटला सगळे डॉक्टरच म्हणतात. मी कधी दुरुस्त केलं नाही, पण कधी डॉक्टर असल्यासारखा वागलोही नाही.

रोजचा क्रम असा. ०६३० ला सिक रिपोर्ट. ०८०० ला ड्रेसिंग. ०९०० ला पाण्याच्या टाक्या आणि लंगरची, म्हणजे स्वयंपाकघराची, तपासणी. १२०० पर्यंत रजिस्टरं पूर्ण. सरकारी रजिस्टरं तीन होती. चौथं माझं स्वतःचं होतं, शंभर पानी, साधं. ज्या गोष्टींना सरकारी रकाना नसतो त्या मी त्यात लिहायचो. कोणाच्या पायाला कोणत्या कंपनीचा बूट लागतो. कोण सोमवारीच आजारी पडतो. कोणाच्या नाकातून रक्त आलं. लोक हसायचे. हसू दे म्हटलं. हसण्याला पण रकाना नव्हता.

त्या वर्षी जुलैत आमच्या सिग्नल प्लाटूनचा रेडिओ ऑपरेटर, लान्स नायक विलास कोलते, तापाचं निमित्त होऊन अ‍ॅडमिट झाला. पुरंदर तालुक्यातला. वय सत्तावीस. आवाज असा की सेटवर कितीही खरखर असली तरी त्याचा शब्द सुटा ऐकू यायचा. तपासण्या झाल्या. ब्लड कॅन्सर निघाला. केमो सुरू झाली. हॉस्पिटल शहरातच होतं, आमच्या गेटपासून सात किलोमीटर.

केमोने कॅन्सरच्या पेशी मरतात, पण त्यांच्याबरोबर प्लेटलेटही घटतात. प्लेटलेट, म्हणजे रक्तबिंबिका, रक्तातले अगदी बारीक तुकडे असतात. कुठे जखम झाली की तिथे चिकटून भोक बुजवणं हे त्यांचं काम. त्या कमी पडल्या की हिरड्यांतून, नाकातून रक्त येतं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे मेंदूत. त्यामुळे बाहेरून द्याव्या लागतात. दाता मशीनला जोडतात. मशीन त्याचं रक्त घेतं, प्लेटलेट बाजूला काढतं आणि उरलेलं रक्त परत देतं. दीड तास लागतो.

शहरात डेंगीचा सीझन होता. सगळ्या रक्तपेढ्यांत प्लेटलेटसाठी रांगा. हॉस्पिटलने पलटणीकडे दाते मागितले. विलासचा गट बी पॉझिटिव्ह.

आमच्या सुभेदार मेजर साहेबांनी अर्ध्या मिनिटात निर्णय घेतला. "पलटणीच्या माणसाला पलटणीचं सगळ्यात चांगलं रक्त जाईल. क्रॉस कंट्री टीम पाठवा."

क्रॉस कंट्री टीम म्हणजे आमचा अभिमान होता. काटक पोरं, पोटावर चरबी नाही, नाडी पन्नासच्या आसपास. त्यांतल्या सहा जणांचा गट जुळला. मी प्रत्येकाला फॉर्मवरचे प्रश्न विचारले. ताप? नाही. दारू? नाही. गेल्या काही दिवसांत कोणतं औषध, दुखण्याची गोळी? सहाही जण ताठ उभे राहून म्हणाले, नाही. मी सही केली. सोमवारी दोघे गेले, बुधवारी दोघे. शेवटचे दोघे शुक्रवारी जायचे होते.

शुक्रवारी ०९४० ला फोन वाजला. रक्तपेढीच्या मेजर मॅडम होत्या. त्या कामाचंच बोलत.

"हवालदार, तुमच्या चार दात्यांनी काही घेतलं होतं का?"

"नाही मॅडम. मी स्वतः विचारलंय."

"कोलतेचा काउंट आठ हजारांवरून चाळीस हजारांवर गेलाय. एवढ्यावर नाकातलं रक्त थांबायला पाहिजे. थांबत नाही. तीन वेळा बोळा बदललाय. त्याच्या चार्टवर तसं कोणतंच औषध नाही, गोठण्याच्या बाकी तपासण्या ठीक आहेत. माझ्याकडे प्लेटलेटची संख्या आहे, काम नाही."

"मॅडम, म्हणजे..."

"म्हणजे तुमच्या स्ट्रेंथ रिटर्नमध्ये शंभर माणसं हजर आहेत आणि एकाच्याही हातात रायफल नाही. पहाटेपासून त्याचं डोकं दुखतंय. स्कॅन आत्ता स्वच्छ आहे. संध्याकाळी कसा असेल सांगता येत नाही. मला दुपारी दोनपर्यंत दाते पाहिजेत. तपासण्यांना दोन तास, मशीनला दीड. आणि हो, या वेळी खरे दाते पाठवा."

शेवटचं वाक्य त्या रागाने बोलल्या नाहीत. म्हणून ते जास्त लागलं.

मी फोन ठेवला. तेवढ्यात दारात गुलाब राऊत उभा होता. गुलाब पलटणीचा न्हावी. त्याचं दुकान एमआय रूमला लागूनच. कापूस मागायला तो वरचेवर यायचा.

"डाक्टर, थोडा कापूस द्या. तुरटी संपली."

"आठ दिवसांपूर्वी नवा खडा घेतला होता ना?"

"तुमची ती पळणारी पोरं हायेत ना, त्यांनी संपवला. वस्तरा नुस्ता टेकला तरी रगात येतंय, आन आलं की थांबत न्हाई. मी तीस वर्षं दाढ्या करतोय. माझा हात बिघडला का त्यांची कातडी, तेवढं सांगा."

मी कापूस दिला नाही. चौथं रजिस्टर उघडलं. गेल्या सहा आठवड्यांत नाकातून रक्त आलेले पाच जण. पाचांपैकी चार टीमचे. कारण नसताना मांडीवर निळे डाग, तिघे. तिघेही टीमचे. बाकी आठशे माणसांच्या पलटणीत असा फक्त एक, तोही बॉक्सर, आणि त्याला कारण होतं. हे सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. मी लिहीत होतो, वाचत नव्हतो. ही माझी चूक. ती इथे नोंदवतो.

१००५ ला मी ग्राउंडवर पोचलो. टीमचे कोच हवालदार जगदाळे. सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे. माझ्याहून चार वर्षांनी सीनियर. त्यांनी तीन वेळा कप आणला होता. पोरांचा सराव संपला होता आणि ती एका निळ्या जेरीकॅनमधून मगाने लिंबूपाणी पीत होती. हा रोजचा रिवाज. जेरीकॅनला उस्तादांशिवाय कोणी हात लावायचा नाही, हाही रिवाजच.

"उस्ताद, या लिंबूपाण्यात काय असतं?"

"लिंबू."

"आणि?"

"पाणी."

"आणि?"

"साखर, मीठ. डॉक्टर, तुम्हाला पाहिजे असेल तर मागा. चौकशी कशाला?"

मी एक मग भरून घेतला. तळाशी पांढरा गाळ होता. साखर एवढ्या वेळात विरघळते. मी तो मग त्यांच्यासमोर धरला. उस्तादांनी त्यांना फॉल आउट केलं आणि मला स्टोअरमध्ये नेलं. ट्रंकेत विरघळणाऱ्या अ‍ॅस्पिरिनच्या गोळ्यांची पाकिटं होती. शहरातल्या केमिस्टकडून आणलेली, एमआय रूममधून नाही.

"बारा वर्षं देतोय," उस्ताद म्हणाले. "पोरं रोज अठरा किलोमीटर पळतात. गुडघे, नडग्या, कंबर, सगळं ठणकतं. तुमच्याकडे पाठवलं तर तुम्ही सात दिवस विश्रांती लिहिता. मग टीम कोण पळवणार? यातली एक गोळी माणशी, आणि दुसऱ्या दिवशी पोरगं ताजं. कोणाला सांगितलं नाही. सांगितलं की पोरांना वाटतं आपण आजारी. बारा वर्षांत एकही मेला नाही."

"आज एक मरायला लागलाय. कोलते."

त्यांना कळलं नाही. कळायचं कारण नव्हतं. मी उभ्या उभ्या सांगितलं, ते इथेही सांगतो.

जखमेपाशी पहिली प्लेटलेट पोचते तेव्हा ती नुसती चिकटत नाही. ती एक रसायन सोडते. ते रसायन म्हणजे सेटवरची हाक: इथे या, मदत पाहिजे. ती ऐकून बाकीच्या धावतात, एकमेकींना धरतात, आणि भोक बुजतं. अ‍ॅस्पिरिन नेमकं ते रसायन बनवणारं यंत्र मोडते. प्लेटलेटला नवं यंत्र बनवता येत नाही. तिचं आयुष्य सात ते दहा दिवसांचं. तेवढे दिवस ती मुकी. गोळीचा अंश अंगातून काही तासांत निघून जातो, पण ज्या प्लेटलेट मुक्या झाल्या त्या मुक्याच मरतात. धडधाकट माणसाचं यावर निभावतं. दाढी करताना तुरटी जास्त लागते, इतकंच. पण विलासकडे स्वतःच्या प्लेटलेट जवळजवळ नव्हत्याच. त्याला आम्ही चार माणसांच्या मुक्या प्लेटलेट दिल्या होत्या. चांगल्या प्लेटलेट मिळतील या भरवशावर हॉस्पिटलने चार दिवस दुसरीकडे धावाधाव केली नव्हती.

आणि पोरं खोटं बोलली नव्हती. त्यांना विचारलं, औषध घेतलं का. त्यांनी लिंबूपाणी घेतलं होतं.

उस्ताद ट्रंकेवर बसले. मग उठले, बाहेर गेले आणि जेरीकॅन लाथेने आडवा केला.

१०३० ला मी सुभेदार मेजर साहेबांसमोर होतो.

"साहेब, टीमचे दोघे जाणार नाहीत. टीममधला कोणीच जाणार नाही."

"अ‍ॅडज्युटंट साहेबांची सही झालीय. गाडी लागलीय."

"गाडी जाऊ द्या. माणसं मी बदलतो. मला ट्रेड्समन पाहिजेत. कुक, धोबी, न्हावी, टेलर. सगळे."

कंपन्या त्या दिवशी फायरिंग रेंजवर होत्या. शंभर किलोमीटर लांब. कॅम्पात गार्ड, क्लार्क आणि ट्रेड्समन एवढेच होते.

साहेबांनी चष्मा काढला. "डॉक्टर, मी हॉस्पिटलला लंगरचे आचारी पाठवू? पलटणीकडे दुसरी माणसं नाहीत? लोक काय म्हणतील?"

"लोक काय म्हणतील ते मी लिहून आणतो साहेब. रजिस्टर आहे माझ्याकडे. आधी माणसं फॉल इन करा."

"तू माझ्याशी बोलतोयस, लक्षात आहे ना?"

"आहे साहेब. टीमच्या सगळ्यांच्या फॉर्मवर मी लाल शाईने अनफिट लिहिलंय आणि खाली माझी सही आहे. माझ्यावर चार्ज लावायचा असेल तर सोमवारी लावा. आज मला दोन वाजेपर्यंत वेळ आहे."

अठरा वर्षांत मी कोणत्याही सुभेदार मेजरशी असं बोललो नव्हतो. डावा गुडघा नेहमीसारखा ठणकत होता, त्याचं पुढे येईल. साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मग बटालियन हवालदार मेजरला फोन लावला. "बीएचएम, सगळे ट्रेड्समन एमआय रूमसमोर. पंधरा मिनिटांत. हो, आचारीसुद्धा. वरण उतरवून ठेवा म्हणावं."

१०५५ ला एकतीस माणसं समोर उभी होती. एप्रनवर हळद, हाताला साबण. रक्तगटाची यादी माझ्याकडे होतीच. बी पॉझिटिव्ह नऊ. दहावा मी.

मी विचारलं, "गेल्या दहा दिवसांत दुखण्याची गोळी कोणी घेतली?"

नऊ जणांनी एका आवाजात सांगितलं, "नाही."

सोमवारी ऐकलं होतं तसंच. त्याच ठेक्यात. फौजेत 'नाही' हे या प्रश्नाचं उत्तर नसतं, ती सवय असते. दुखतंय म्हटलं की मेडिकल कॅटेगरी खाली जाते. कॅटेगरी गेली की प्रमोशन जातं, आवडती पोस्टिंग जाते. म्हणून जवान दुखणं खिशात ठेवतो आणि त्याच्याशेजारी गोळ्यांची स्ट्रिप. हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. माझ्याच खिशात होती.

मी रक्तगटाची यादी उंच धरली, सगळ्यांना दिसेल अशी. पेनाने माझं नाव खोडलं.

"माझा डावा गुडघा तीन वर्षांपासून गेलाय," मी म्हणालो. "मी आठवड्यातून चार दिवस डायक्लोफिनॅक घेतो. एमआय रूममधून नाही, म्हणजे रजिस्टरात येत नाही. शेवटची आज सकाळी सहाला घेतली. नायब सुभेदारीचं मेडिकल पुढच्या महिन्यात आहे. आता हे तुम्हाला सगळ्यांना माहीत झालं. तुमचं सांगा."

हेड कुक खालच्या आवाजात म्हणाला, "पाठीसाठी. काल घेतली."

धोबी म्हणाला, "डोकेदुखीची पुडी. रोज. चहाबरोबर."

टेलर म्हणाला, "दात दुखतोय. नाव माहीत नाही, लाल गोळी आहे."

पाच नावं खोडली गेली. उरले चार. गुलाब राऊत, दोन कुक आणि मेसचा एक वेटर. वेटरने सांगितलं की त्याने पॅरासिटॅमॉल घेतली होती. त्याचं नाव ठेवलं. पॅरासिटॅमॉल त्या यंत्राला जवळजवळ हात लावत नाही. डायक्लोफिनॅक आणि आयबुप्रोफेन यांचा परिणाम अ‍ॅस्पिरिनसारखा कायमचा नसतो, एक-दोन दिवसांत ओसरतो. पण माझ्याकडे एक-दोन दिवस नव्हते.

१२१० ला गाडी निघाली. गणपती तोंडावर आले होते. निम्म्या रस्त्यांत मांडवांचे खांब, उरलेल्या निम्म्यांत खोदकाम. सात किलोमीटरला पंच्याऐंशी मिनिटं लागली. ड्रायव्हर शेवटी हॉर्न वाजवायचा थांबला. एका स्कूटरवाल्या काकांनी खिडकीशी येऊन विचारलं, "युद्धाला निघालात का?" गुलाब म्हणाला, "व्हय, पण शिग्नलवर अडलोय." काकांनी स्कूटर बाजूला घेतली आणि मागच्यांनाही घ्यायला लावली. पुण्यात एवढं म्हणजे पुष्कळ.

१३३५ ला रक्तपेढीत पोचलो. मेजर मॅडमनी एकेकाला परत विचारलं, माझ्या सहीवर विसंबल्या नाहीत. बरोबर केलं. मी त्यांना लिंबूपाण्याचं सांगितलं. त्यांनी माझ्या हातातली रक्तगटाची यादी घेतली. मग म्हणाल्या, "आणि दहावं नाव खोडलेलं कोणाचं?"

"माझं, मॅडम. तीन वर्षं डायक्लोफिनॅक घेतोय."

"सोमवारी तुमच्या डॉक्टरांकडे जा. त्याआधी शौचाला काळी होते का ते बघा. इतकी वर्षं खाल्लीय तर आतड्यातूनही रक्त जाऊ शकतं."

चौघांपैकी एका कुकचा काउंट कमी निघाला. तिघे उरले. १६१० ला गुलाब मशीनवर. त्याने सगळ्या नळ्या नीट बघून घेतल्या.

"डाक्टर, हे माझं रगात घेतंय आन परत देतंय. आवडलं न्हाई का त्याला?"

"त्यातलं फक्त कामाचं ठेवून घेतंय."

"मंग माझ्या बायकोला दावा हे मशीन. ती म्हणती माझ्यात कामाचं कायबी न्हाई."

सिस्टर हसली. वेटर दुसऱ्या मशीनवर डोळे मिटून पडला होता, तोही हसला.

गुलाबची पहिली पिशवी १७५० ला विलासला लागली. मी दारात उभा राहिलो, आत जायची परवानगी नव्हती. त्याच्या दोन्ही नाकपुड्या बोळ्यांनी भरलेल्या, ओठांवर सुकलेलं रक्त. दुसरी, वेटरची, १८३५ ला. कुकची दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवली. १९१५ ला सिस्टरने बोळा बदलला. तिने ट्रेमधला जुना बोळा माझ्याकडे तिरपा करून दाखवला. मध्यभागी फक्त गुलाबी डाग होता. २००० ला तोही नव्हता. डोकेदुखी उतरली. रात्रीचा स्कॅन स्वच्छ आला.

विलासने हाताने खूण केली. मास्क लावून दोन मिनिटं आत सोडलं.

"कोणी दिलं?" तो तोंडाने श्वास घेत म्हणाला.

"गुलाब न्हाव्याने. आणि मेसच्या वेटरने."

"मग आता रोज दाढी. आणि वाढप. आधीच्यांचं काय झालं?"

मी सगळं सांगितलं. त्याने डोळे मिटून ऐकलं. तो रेडिओ ऑपरेटर होता. त्याला चूक कुठे झाली ते लगेच दिसलं.

"डॉक्टर, तुम्ही मेसेज पाठवला. रीड बॅक घेतला नाही. सेटवर आम्ही समोरच्याकडून पूर्ण मेसेज परत म्हणून घेतो. तो नुसता 'रॉजर' म्हणाला तर विश्वास ठेवत नाही. 'नाही' म्हणजे पण रॉजरच आहे."

त्या आठवड्यात आम्ही दोघांनी मिळून नवा प्रश्न बनवला. 'औषध घेतलं का' हा प्रश्न काढून टाकला. त्याऐवजी: गेल्या दहा दिवसांत जेवणाशिवाय तोंडात काय काय गेलं, कोणी दिलं, कशासाठी. दात्याने ते स्वतःच्या शब्दांत सांगायचं. गोळी, पुडी, काढा, सरबत, सगळं. विलासने पलंगावर बसून त्याचा मसुदा लिहिला, मोठ्या सुट्या अक्षरांत. मी पलटणीत तो लागू केला. तो वापरायला कोणाचा हुकूम नव्हता. बंद करायला पण नव्हता.

माझ्यावर चार्ज लागला नाही. सोमवारी मी सिक रिपोर्टच्या रांगेत रुग्ण म्हणून उभा राहिलो. गुडघ्याचा एक्स-रे झाला. कॅटेगरी खाली गेली. नायब सुभेदारी गेली. मी हवालदार म्हणूनच रिटायर झालो. लोक विचारतात, खंत वाटते का. मी सांगतो, गुडघा दुखतो, खंत नाही.

टीम त्या वर्षी लिंबूपाण्याशिवाय पळाली आणि चौथी आली. जगदाळे उस्तादांनी ट्रंकेतली पाकिटं माझ्यासमोर मोजून एमआय रूमला जमा केली आणि झालेलं सगळं लेखी दिलं. त्यांना त्याची किंमत मोजावी लागली. ते स्वतःही रोज एक मग प्यायचे. त्यांनी अकरा दिवस थांबून बाराव्या दिवशी मला गाठलं. "माझं पण बी पॉझिटिव्ह आहे," एवढंच म्हणाले. त्यांच्या प्लेटलेट विलासला दिल्या गेल्या. या वेळी त्या चालल्या.

विलासला त्यानंतर साडेचार महिने मिळाले. दिवाळीला तो दहा दिवस घरी जाऊन आला. जानेवारीत, केमोच्या पुढच्या फेरीत, इन्फेक्शन झालं. ते प्लेटलेटच्या हातातलं नव्हतं. पहाटे ०५२० ला तो गेला.

आता मी बिबवेवाडीतच राहतो. सोसायटीच्या रक्तदान शिबिराला नोंदणीच्या टेबलावर बसतो. लोकांना माझा राग येतो, येऊ दे. मागच्या वेळी एक आयटीतले गृहस्थ म्हणाले, "अहो काका, यस ऑर नो विचारा ना. एवढी इन्क्वायरी कशाला? साधी पेनकिलर तर आहे." मी म्हटलं, "साधी आहे तर नाव सांगायला काय हरकत आहे?" त्यांनी खिशातून स्ट्रिप काढली. अ‍ॅस्पिरिन. मी त्यांना म्हणालो, तुम्ही रक्त द्या, तुमच्या लाल पेशी उत्तम आहेत, फक्त पिशवीवर खूण करतो की यातून प्लेटलेट काढू नका. ते दहा मिनिटं रागावले आणि मग बिस्किटं खाऊन गेले.

वाचणाऱ्यांसाठी तीन गोष्टी, मग संपवतो. एक, हृदयासाठी किंवा मेंदूच्या झटक्यानंतर डॉक्टरांनी अ‍ॅस्पिरिन दिली असेल तर हा लेख वाचून बंद करू नका. तिथे प्लेटलेट मुक्या करणं हेच तिचं काम आहे. दोन, डेंगीचा संशय असला तर अंगदुखीला अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक घेऊ नका. डॉक्टरांना विचारा. तीन, ऑपरेशनच्या आधी, दात काढायच्या आधी, प्लेटलेट देण्याच्या आधी, विचारायची वाट न बघता सांगा. दुखतंय हे सांगणं कमीपणाचं आहे असं ज्याने तुम्हाला शिकवलं असेल, त्याला माझ्याकडे पाठवा.

दरवर्षी पलटणीच्या स्थापना दिवसाला आम्ही पुण्यातले माजी सैनिक एका कार्यालयात जमतो. आधी दिवंगतांची नावं वाचली जातात, मग दोन मिनिटं शांतता, मग जेवण. यादी कारवाईत पडलेल्यांची असते. विलासचं नाव तिच्यात नसतं, कारण तो हॉस्पिटलमध्ये गेला. मी समितीला तीन पत्रं लिहिली. तीनही वेळा उत्तर आलं, नियमात बसत नाही.

या वर्षी एक रिटायर्ड सुभेदार, नव्यानेच समितीत आलेले, यादी वाचत होते. शेवटचं नाव झालं. त्यांनी कागद घडी करायला घेतला. मी उभा राहिलो.

"साहेब, एक नाव राहिलं."

"हवालदार, बसून घ्या. ही यादी कारवाईतल्या जवानांची आहे."

"माहीत आहे. माझ्याकडे दुसरी आहे. तिच्यात एकच नाव आहे. लान्स नायक विलास कोलते, सिग्नल प्लाटून."

मी बसलो नाही. मागे एक खुर्ची सरकली. जगदाळे उस्ताद काठी टेकत उभे राहिले. मग गुलाब उठला, मग तो वेटर, आता त्याचं स्वतःचं हॉटेल आहे. मग मी मोजणं सोडून दिलं.

सुभेदारांनी घडी केलेला कागद परत उलगडला आणि खिशातून पेन काढलं.

"कोलते," ते म्हणाले. "पहिलं नाव काय म्हणालात?"

"विलास," मी म्हणालो. "आर्मी नंबर पण लिहून घ्या."